घरच्या सर्व्हरसाठी डोमेन: पाच ठिकाणी नाव घेऊन झालं, त्याचा हिशोब

घरी एक जुना लॅपटॉप झाकण बंद करून कपाटावर ठेवलाय, त्याच्यावर फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन आणि दिव्यांसाठी होम असिस्टंट असा माझा सगळा संसार चालतो. सुरुवातीला सगळं आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा आकडी पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या एकेका सेवेचा दार-क्रमांक) टाकून उघडायचे. १९२.१६८ पुढे जे काय असेल ते, मग २२८३ म्हणजे फोटो, ८०९६ म्हणजे सिनेमे, ८१२३ म्हणजे दिवे. मला पाठ झालं होतं, घरात बाकी कुणी ते पाठ करेल ही अपेक्षाच चूक. आणि व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीशिवाय, धड चालतच नाही, म्हणजे सर्टिफिकेट (पत्ता खरा असल्याचा डिजिटल दाखला) हवं, सर्टिफिकेट हवं म्हणजे नाव हवं, म्हणजेच डोमेन. तिथून हे लफडं सुरू झालं. गेल्या काही वर्षांत पाच ठिकाणी नावं घेऊन झाली, तीन फुकट आणि दोन विकत. कुठलं कसं निघालं ते सांगते, कुणाचा तरी एक शनिवार वाचेल.

पहिलं अर्थातच डकडीएनएस, घरच्या आयपीला फुकट नाव देणारी सेवा. सगळे तिथूनच सुरू करतात आणि त्यात चूक काही नाही. गूगल किंवा गिटहबच्या अकाउंटने लॉगिन करायचं, एक नाव टाइप करायचं, झालं, पुढे डकडीएनएस डॉट ओआरजी लागून तुमचा पत्ता तयार. एका अकाउंटला पाच नावं फुकट मिळतात. फॉर्म नाही, कार्ड नाही, वेबसाइटवर पिवळं बदक आहे आणि एक टोकन, म्हणजे गुप्त किल्लीसारखी अक्षरं. त्या टोकनवर सगळा खेळ. घरातला आयपी बदलला की एका साध्या यूआरएलला हाक मारायची, त्यात नाव आणि टोकन द्यायचं, आयपीची जागा रिकामी सोडली तरी चालतं, हाक जिथून आली तो पत्ता डकडीएनएस आपणच नोंदवून घेतं. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) कर्लची (यूआरएलला हाक मारणारी कमांड) एक ओळ, बस.

उत्तरात फक्त दोनच अक्षरं येतात, एक तर ओके नाहीतर केओ. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उत्साहात क्रॉन लावला, लॉग फाइल उघडून बघितली, के आणि ओ दोन्ही अक्षरं दिसली, म्हटलं वा, चालतंय. रात्री राउटर रीस्टार्ट झाला, आयपी बदलला, सकाळी ऑफिसातून फोटो उघडेनात. संध्याकाळी घरी येऊन लॉग परत नीट वाचला तर वरपासून खालपर्यंत सगळा केओ. टोकन पेस्ट करताना शेवटचं एक अक्षर गळालं होतं. चूक शंभर टक्के माझी, पण दोन्ही उत्तरांत तीच दोन अक्षरं ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा भेटायचंय.

डकडीएनएसबद्दल अजून एक चांगलं म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड (नावासोबतची मजकुराची नोंद) ठेवता येतो, त्यामुळे फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं डीएनएसवालं (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) चॅलेंज होतं, म्हणजे नाव आपलंच आहे हे त्या नोंदीतून दाखवायचं आणि पोर्ट ८० उघडं न ठेवता सर्टिफिकेट मिळतं, वाइल्डकार्डसुद्धा, म्हणजे नावाच्या पुढे काहीही लावलं तरी चालणारं. तुमच्या नावाच्या पुढे अजून काहीही लावलं, फोटो डॉट अमुक, सिनेमा डॉट अमुक, तरी ते त्याच आयपीवर येतं, त्यामुळे एका नावात अख्खं घर मावतं. अडचण एवढीच की टीएक्सटी एकच मावतो. मूळ नाव आणि वाइल्डकार्ड दोन्ही एकाच सर्टिफिकेटमध्ये मागितले तर दोन टीएक्सटी एकदम लागतात आणि काही प्रोग्राम तिथे अडकून बसतात. मी सरळ फक्त वाइल्डकार्ड घेतलं आणि मूळ नाव वापरलंच नाही.

मग ते का सोडलं? दोन कारणं. एक, ऑफिसच्या नेटवर फिल्टर असतात त्यात डायनॅमिक डीएनएस (आयपी बदलला तरी नाव त्याच्याकडेच वळवणाऱ्या अशा सेवा) अशी वेगळी कॅटेगरीच असते आणि ती सरसकट बंद असू शकते, कारण असली फुकट नावं मालवेअरवालेही वापरतात. त्यांच्याबरोबर आपणही भरडले जातो. दुसरं कारण जरा बालिश आहे, फोनवर पत्ता सांगताना "डक, बदकवाला डक" असं मामाला तीनदा सांगितलं आणि मग मीच कंटाळले.

फुकटवाल्यांमध्ये बाकीचे पटकन सांगते. नो-आयपी जुनं आहे, बऱ्याच राउटरमध्ये त्याचा पर्याय आधीपासूनच असतो हा मोठा फायदा, पण फुकट नाव दर ३० दिवसांनी "हो, मला हवंय" म्हणून कन्फर्म करावं लागतं. ज्यांना मेल वेळेवर बघायची सवय आहे त्यांनी घ्यावं, मी त्यातली नाही. अफ्रेड डॉट ओआरजीच्या फ्रीडीएनएसवर लोकांनी शेअर केलेल्या असंख्य डोमेनमधून सबडोमेन निवडता येतं, मजेशीर नावं असतात, पण ते डोमेन कुणा तिसऱ्याच माणसाचं, त्याने उद्या आवरलं की तुमचंही आवरलं. ईयू डॉट ओआरजी १९९६ पासून फुकट सबडोमेन देतंय आणि तिथे खरोखर माणूस अर्ज तपासतो, त्यामुळे उत्तराची वाट बघायची तयारी हवी, शिवाय नेमसर्व्हर (नावाचा आयपी सांगणारे सर्व्हर) तुम्हीच आणायचे. नवशिक्यांनी तिथे सुरुवात करू नये. विद्यार्थी असाल तर गिटहबचं स्टुडंट पॅक बघा, त्यात डोमेनही असतं एका वर्षासाठी, पण दुसऱ्या वर्षी काय ते आधी ठरवून ठेवा.

माझं दुसरं फुकट नाव डीसेकचं, त्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण फुकटात इतकं नीटनेटकं काम मी दुसरीकडे बघितलं नाही. बर्लिनची एक ना-नफा संस्था चालवते. डेडीन डॉट आयओ खाली मला फुकट नाव मिळालं, डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर खरेपणाची सही) आपोआप चालू, एपीआय (प्रोग्राममधून नोंदी बदलायची सोय) व्यवस्थित, हवे तितके टीएक्सटी, त्यामुळे वरचं ते मूळ नाव अधिक वाइल्डकार्डवालं दुखणंच नाही. वेबसाइट दिसायला रुक्ष आहे, बदक वगैरे नाही. पण पुढे तुम्ही स्वतःचं डोमेन विकत घेतलं तरी त्याचं डीएनएस इथेच ठेवता येतं, आणि मी अजूनही तेच करतेय. म्हणजे नाव सोडलं पण सेवा नाही सोडली.

आता तिसरं फुकट नाव, जिथे खरी ठेच लागली. नाव घेत नाही, छोटी सेवा होती, कोणीतरी हौसेने चालवत असणार, त्यांना शिव्या घालून काय मिळणार. एका सकाळी नाव रिझॉल्व्ह होईना, म्हणजे नावावरून आयपीच मिळेना. मला वाटलं माझंच काहीतरी, राउटर रीस्टार्ट, लॅपटॉप रीस्टार्ट, सगळे तोडगे करून झाले. दोन दिवसांनी कळलं त्यांचे नेमसर्व्हरच गप्प आहेत. म्हटलं जाऊ दे, नाव बदलू, पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटं? सर्व्हरवर खरंच पाच मिनिटं लागली. पण बाबांच्या फोनमधल्या फोटोच्या ॲपमध्ये जुना पत्ता, भावाच्या फोनमध्ये जुना पत्ता, आईच्या टॅबमध्ये जेलीफिनला जुना पत्ता, पासवर्डच्या ॲपमध्ये चौघांचाही जुना पत्ता, आणि ते ॲप लॉगआउट केल्याशिवाय सर्व्हर बदलू देईना, आणि लॉगआउट केल्यावर मास्टर पासवर्ड बाबांना आठवेना. रविवार गेला. वर नातेवाइकांना पाठवलेल्या अल्बमच्या लिंका सगळ्या मेल्या त्या वेगळ्याच.

त्या दिवसापासून माझं गणित बदललं. नावाची किंमत म्हणजे ते घेताना काय पडलं हे नाही, ते बदलावं लागलं तर किती ठिकाणी हात घालावा लागेल ही खरी किंमत. आणि हे काही माझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. डिन नावाच्या कंपनीने फुकट डायनॅमिक डीएनएस मे २०१४ मध्ये बंद केलं तेव्हा कितीतरी राउटर आणि कॅमेऱ्यांत ते नाव भरलेलं होतं. फ्रीनॉम नावाची कंपनी डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए, डॉट सीएफ, डॉट जीक्यू अशी अख्खी डोमेन फुकट वाटायची, मग मेटाने कोर्टात खेचलं, २०२३ च्या सुरुवातीला नवीन नोंदणी थांबली, त्याच वर्षी गॅबन देशाने डॉट जीए आपल्या ताब्यात परत घेतलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने या धंद्यातूनच बाहेर पडतोय असं जाहीर केलं. अजूनही जुने व्हिडिओ बघून "डॉट टीके फुकट कुठे मिळेल" असं विचारणारे भेटतात. तो अध्याय संपलाय बाबांनो.

म्हणून मग विकत घ्यायचं ठरवलं आणि लगेच दुसऱ्या खड्ड्यात पडले. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट, अशी जाहिरात. छान छोटं नाव मिळालं, शेवट कसलातरी नवीन फॅन्सी. कार्टमध्ये जाऊन बघते तर ईमेल, होस्टिंग, प्रायव्हसी, कसलीशी सुरक्षा, सगळ्यांवर आधीच टिक केलेली, एकेक काढत बसले, काढलं की "नक्की का? तुमचं डोमेन धोक्यात आहे" असा पॉपअप. तरी घेतलं. वर्षाने रिन्यूची रक्कम बघितली आणि आधी वाटलं दहा वर्षांची मागतायत, तर नाही, एकाच वर्षाची, पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट. ही किंमत साइटवर होतीच, पण अशा कोपऱ्यात की शोधायला चष्मा हवा. मी भरलं नाही. मुदत संपली आणि आमच्या फोटोंच्या पत्त्यावर गाद्यांच्या जाहिराती दिसायला लागल्या. काकूचा मेसेज, "तू गाद्या विकायला लागलीस का गं?"

तेव्हा डोमेन घेताना आधी रिन्यू किती ते बघा, मग ट्रान्सफर किती, आणि पहिल्या वर्षाची किंमत सगळ्यात शेवटी. व्हूइज प्रायव्हसीचे (डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत आपलं नाव-पत्ता झाकण्याचे) वेगळे पैसे मागत असतील तर सरळ दुसरीकडे जा, पोर्कबनसारखे बरेच जण ती फुकट देतात. क्लाउडफ्लेअर रजिस्ट्रार (रजिस्ट्रार म्हणजे डोमेन विकणारा) स्वतःचा नफा न लावता मूळ दरात विकतं, त्यामुळे डॉट कॉमसारखं साधं नाव हवं असेल तर बरं पडतं, फक्त नेमसर्व्हर त्यांचेच ठेवावे लागतात. आणि नवीन घेतलेलं डोमेन साधारण ६० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही, हे पण आधी माहीत असलेलं बरं, चुकून भलत्या ठिकाणी घेतलं तर तेवढे दिवस तिथेच.

आता पाचवं, जे सध्या वापरतेय आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. डॉट एक्सवायझेडवाल्यांनी एक वेगळा वर्ग काढलाय, १.१११बी क्लास म्हणतात. अट एवढीच, नावात फक्त आकडे, सहापासून नऊपर्यंत. असे एकूण आकडे किती होतात, दहा लाख अधिक एक कोटी अधिक दहा कोटी अधिक शंभर कोटी, म्हणजे १११ कोटी १० लाख, त्यावरून ते नाव. किंमत वर्षाला ०.९९ डॉलर आणि रिन्यूलाही तीच. परत वाचा, रिन्यूलाही तीच. विकणाऱ्यावर थोडं इकडेतिकडे होतं, वर आयकॅन (डोमेनचा जागतिक कारभार बघणारी संस्था) फीचे काही सेंट लागतात, पण पहिल्या वर्षाचं गाजर नाही. मी दहा वर्षांचे एकदम भरून टाकले, एका वेळी त्याहून जास्त भरताच येत नाहीत. उद्या दर वाढवला तरी तोपर्यंत मला काही फरक पडत नाही, आणि कार्ड बदललं, मेल चुकली, आजारी पडले, तरी नाव जागेवर.

डीएनएस डीसेकवर ठेवलंय, नेमसर्व्हर बदलणं म्हणजे रजिस्ट्रारच्या पानावर दोन ओळी. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, मूळ नाव आणि वाइल्डकार्ड दोन्ही. वाइल्डकार्ड मुद्दाम, कारण प्रत्येक सर्टिफिकेटवरचं नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या सार्वजनिक नोंदीत जातं. फोटो डॉट अमुक, पासवर्ड डॉट अमुक अशी वेगवेगळी सर्टिफिकेटं काढली तर तुमच्या घरात काय काय चालतं याची पाटीच लावल्यासारखं होतं, आणि त्या नोंदी वाचत बसलेले बॉट थोड्याच वेळात दार वाजवायला येतात. मी आधी तसंच केलं होतं, लॉगमध्ये वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणाऱ्यांची रांग लागली. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच.

आणि खरं सांगायचं तर घरातल्या वापरासाठी काही उघडं ठेवायची गरजच नसते. सार्वजनिक डीएनएसमध्ये नाव सरळ १९२.१६८ वाल्या पत्त्याकडे वळवायचं, सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने घ्यायचं, एकही पोर्ट उघडायचं नाही, बाहेर असलं की व्हीपीएनने घरी यायचं. यात एक गंमत होते ती सांगून ठेवते नाहीतर तासभर डोकं धराल: बरेच राउटर बाहेरच्या डीएनएसकडून घरातला पत्ता उत्तरात आला की ते उत्तर गाळून टाकतात, रीबाइंड प्रोटेक्शन म्हणतात त्याला. मोबाइल डेटावर नाव बरोबर दिसतं आणि वायफायवर आलं की गायब. राउटरमध्ये आपल्या डोमेनला सूट द्यायची, की चाललं.

तुमच्या इंटरनेटवाल्याने सीजीनॅटमागे (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) टाकलं असेल, म्हणजे राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल, तर मात्र डायनॅमिक डीएनएस कुठलंही घ्या, फुकट नाहीतर सोन्याचं, उपयोग शून्य. नाव बरोबर असेल, दार तुमचं नसेल. तिथे मग टेलस्केल (आपली उपकरणं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन) बघा, ते स्वतःचं टीएस डॉट नेटवालं नाव आणि सर्टिफिकेटसुद्धा देतं, डोमेन घ्यायचीही गरज नाही. किंवा क्लाउडफ्लेअर टनेल (घरच्या सर्व्हरपर्यंत त्यांच्यामार्फत येणारी वाट), फुकट आहे पण कायमच्या पत्त्यासाठी स्वतःचं डोमेन लागतंच, आणि फुकट प्लॅनवर एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे फोटो जातात पण लग्नाचा लांबलचक व्हिडिओ अडतो. शिवाय एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उघडून परत बंद होतं, हे तुम्हाला चालणार आहे का ते तुम्ही ठरवा, पासवर्डच्या सर्व्हरसाठी मला नाही चाललं.

आकड्यांच्या एक्सवायझेडची खोट काय? दिसायला ते नाव फसवणुकीच्या लिंकसारखं दिसतं, कबूल. ओळखीच्या माणसाला अल्बमची लिंक पाठवली तर आधी फोन करून सांगावं लागतं की दाब, मीच पाठवलीय. काही फिल्टर अख्ख्या डॉट एक्सवायझेडवरच डूख धरून असतात, बदकाच्या वेळेला होती तीच कथा. आणि यावरून ईमेल पाठवायचा विचारही करू नका, थेट स्पॅममध्ये जाईल. धंद्यासाठी किंवा बायोडेटावर लिहायला नाव हवं असेल तर हे नाही, तिथे साधं डॉट कॉम घ्या आणि पैसे मोजा. घरच्या चार माणसांसाठी मात्र मी याला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या दिसण्यासाठी कापलाय. डीसेकला पाच. डकडीएनएसला चार, महिनाभर खेळून बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त घरच्यांच्या फोनमध्ये तो पत्ता भरायच्या आधी आपलं नाव घ्या.

आकडा कुठला घ्यायचा यावर मी फार वेळ घालवला. वाढदिवसाच्या तारखा नकोत म्हटलं, कुणीही ओळखेल. मग आमच्या जुन्या लँडलाइनचा नंबर टाकून बघितला, सात आकडी, कधीच बंद झालेला, आणि मोकळा होता. आईला तो झोपेतून उठवून विचारला तरी पाठ. पहिल्या दिवशी तिने टॅबवर न विचारता स्वतः टाइप केला आणि फोटो उघडले. फक्त ती पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावतेच लावते, त्यामुळे प्रॉक्सीच्या (नाव बघून योग्य सेवेकडे वळवणारा प्रोग्राम) फाइलमध्ये तेवढी एक ओळ वाढवलीय.